सासूबाईंसाठी तट्टू

चंदरला नाही म्हणता येत नसे. दुकानात गिऱ्हाइकाला, घरी बायकोला, रस्त्यात वर्गणी मागणाऱ्या मंडळाच्या पोरांना, कुणालाच. सासूबाईंना तर तो प्रश्न पुरा व्हायच्या आतच हो म्हणायचा, कारण सासूबाई तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारताना आवाज दुप्पट करत. त्यामुळं मंगळवारी दुपारी शेठच्या टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून, घोटीच्या एसटीडी बूथमधून, बयाबाई ओरडल्या, "जावईबापू, तट्टू पारखता येतं का तुम्हाला?" तेव्हा एका हातात मिक्सरचं भांडं आणि खांद्यानं कानाशी दाबलेला फोन अशा अवस्थेत चंदर म्हणाला, "हो आत्या, येतं की."

फोन ठेवल्यावर मग त्यानं विचार केला, की आपण हो कशाला म्हणालो? (हा त्याचा नेहमीचा क्रम. लग्नाच्या वेळीसुद्धा असंच झालं होतं.)

चंदर नाशिकला मेनरोडच्या एका दुकानात मिक्सर आणि पंखे विकायचा. जनावरांशी त्याचा संबंध म्हणजे पोळ्याला मातीचे बैल. त्यातल्याही एकाचं शिंग त्याच्या हातून दरवर्षी मोडायचं. घोडा, घोडी, शिंगरू आणि तट्टू यांतलं लहान कोण आणि मोठं कोण, हेही त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पण बयाबाईंची समजूत अशी, की मागं जावयानं निवडून आणलेला मिक्सर अजून बंद पडला नाही, म्हणजे जावयाला वस्तू निवडता येते. (वाडीत वीज कधीमधीच असे. मिक्सरला बंद पडायची संधीच मिळाली नव्हती.)

आता सासूबाईंना या वयात तट्टू कशाला, असं तुम्ही म्हणाल. चंदरही तेच म्हणाला, पण मनात.

बयाबाई घोटीच्या पुढं, डोंगराखाली जांभळीच्या वाडीत एकट्या राहत. साठी कधीच उलटलेली. अंगानं काटकुळ्या, जे काही वजन होतं ते शब्दाला होतं. घराजवळ भाताची खाचरं होती, पण जीव सगळा वर, माळावरच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, वावरात. ते वावर त्यांनी आणि नवऱ्यानं दगड वेचून वेचून केलेलं. नवरा गेला, दगड वेचायचं काम बयाबाईंनी चालू ठेवलं. पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला. सपाटीला बाई वाऱ्यासारख्या चालायच्या, चढ लागला की गुडघे संपावर. माळावर जायला पायवाटेशिवाय दुसरा रस्ता नाही. दिवाळीआधी दोन गड्यांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून वर नेलं, तर शेजारच्या नवसाबाईंनी खालून हंबरडाच फोडला. त्यांना वाटलं, बया गेली.

ही बातमी नाशिकला महेशच्या, म्हणजे बयाबाईंच्या मुलाच्या, कानावर गेली. महेश कंपनीत कामाला. मुलगा वाईट नव्हता, फक्त ठाम होता. तो म्हणाला, "आई, पुरे आता. वरचं वावर कुणालातरी वाट्यानं देऊ आणि तू आमच्याकडं चल."

बयाबाई म्हणाल्या, "मी अजून माळावर जाते."

"जात नाहीस. तुला नेतात. पुढच्या रविवारी मी येतो. कुणाच्या खांद्यावर न बसता वर जाऊन दाखव. गेलीस, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही गेलीस, तर पिशवी भरायची."

बयाबाईंनी यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी उठून घोटीला जाऊन दुपारी चंदरला फोन लावला. "खांद्यावर नको म्हनला ना? घोड्यावर नको आसं कुठं म्हनला?"

चंदरची स्वतःचीही एक बाजू होती. महेशचा फ्लॅट लहान, त्यात दोन मुलं. त्यामुळं आई नाशिकला आली तर राहील कुणाकडं, हे मोहिनीनं, म्हणजे चंदरच्या बायकोनं, आधीच ठरवून ठेवलं होतं. चंदरच्या घराला खोल्या दोन. सासूबाई त्यातल्या कुठल्या खोलीत राहतील हे ठरलं नव्हतं, पण चंदर कुठल्याच खोलीत राहणार नाही एवढं त्याला दिसत होतं. त्याच संध्याकाळी शेठकडं रविवारपर्यंतची सुट्टी मागताना त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच खणखणीत निघाला.

शेठ म्हणाला, "घोडी घे नाहीतर हत्ती घे, पण डेमो बघितल्याशिवाय घेऊ नको. आणि चालू करून आवाज ऐक. दुकानात घरघर करणारी वस्तू घरी गेली की बोंबलते."

बयाबाईंच्या अटी वेगळ्या होत्या. "उंच नको. ओट्यावरून पाय टाकला की बसता आलं पायजे. पांढरं तर आजिबात नको, गाव म्हनंल म्हातारी बोहल्यावर चालली. आन घोडीच बघा. गड्यांचं ऐकायची सवय मोडली माझी."

घोटीच्या बाजारात दुसऱ्या दिवशी विकायला आलेल्या घोड्या होत्या तीन. पहिली पांढरी. ती चंदरनं लांबूनच नाकारली असती, पण मालकानं हाक मारली आणि (नाही म्हणता येत नसल्यामुळं) तो गेला.

"लग्नातली हाय. लय गुणी," मालक म्हणाला. तेवढ्यात शेजारी एका बाईनं विकत घ्यायचा हंडा बोटानं ठोकून बघितला. टण्ण झालं आणि घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहून नाचायला लागली. बाईनं घाबरून हंडा खाली टाकला. घोडीला वाटलं ताशा सुरू झाला. चंदर गर्दीतून बाहेर पडला तेव्हा ती अजून नाचत होती आणि पोरं शिट्ट्या मारत होती.

दुसरी काळी, बुटकी, वीटभट्टीवरची. डेमो फार छान झाला. दहा-बारा पावलं गेली, वळली, परत आली, उभी राहिली. पुन्हा दहा-बारा पावलं गेली, वळली, परत आली.

"अजून थोडी पुढं न्या," चंदर म्हणाला.

"पुढं नाय जात. भट्टी ते ढीग, ढीग ते भट्टी. सवय हाय तिला."

"आणि मधेच माळावर जायचं असलं तर?"

"माळ दहा पावलांवर आना," मालक म्हणाला.

चंदर खदाखदा हसला. जनावरं किती बिनडोक असतात, एकदा एक सवय लागली की लागली, असं त्या मालकालाच समजावून पुढं गेला. (हे हसू लक्षात ठेवण्यासारखं होतं. तिसरी घोडी पुढं त्याला ते फेडायला लावणार होती.)

तिसरी सगुणा. बाजाराच्या कडेला, लिंबाच्या सावलीत उभी. मातकट रंग, पोट सुटलेलं, डोळे अर्धे मिटलेले. पाठ एवढी खाली, की चंदरनंही मनातल्या मनात एकदा टांग मारून बघितली. मालक झुंबर नावाचा धनगर, डोक्याला लाल पागोटं. आणि शेजारी घोंगडीवर बसलेली त्याची म्हातारी आई लंकाबाई, तंबाखू मळत.

चंदरनं गिऱ्हाईक मिक्सरला विचारतं तसे प्रश्न विचारले.

"चावते का?"

"कुनाला?"

"लाथ मारते?"

"लाथ मारायला पाय उचलावा लागतोय, पाव्हणं. ती बिनकामाचा उचलत नाय."

"उधळते?"

यावर लंकाबाईंना एवढं हसू आलं, की तंबाखू सांडली. "अरं बाबा, ही उधळली तर मी पेढे वाटीन."

"म्हातारं माणूस बसलं तर चालेल?"

"ही काय म्हातारी!" झुंबरनं आईकडं बोट दाखवलं. "दिवाळी झाली की आमी कोकणात उतरतो मेंढरं घेऊन, पावसाआधी वर येतो. म्हातारी दरसाल हिच्यावरच बसून गेली आन आली. ईचारा तिला."

"घाट उतरताना झोप लागायची मला," लंकाबाई म्हणाल्या. "जागी झाले की मुक्काम."

"मग विकता कशाला?"

"आता सामान टेंपोनं नेतो. म्हातारी बी टेंपोत फुडं बसती, डायवरशेजारी. तिला आता घोडी नको वाटती."

तेवढ्यात रस्त्यावरून एक एसटी कर्कश हॉर्न वाजवत गेली, मागून कुणीतरी उरलेला दिवाळीचा फटाका फोडला. तिकडं पांढरी घोडी पुन्हा नाचायला लागली. सगुणेनं एक कान हलवला. तोही माशीसाठी. चंदर खलास झाला. एवढी स्थिर, एवढी बिनआवाजाची वस्तू त्यानं अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

"पसंत," तो म्हणाला.

"पण पाव्हणं, एक सांगायचं राह्यलं—"

चंदरनं हात वर केला. गिऱ्हाईक पसंत म्हणाल्यावर 'पण' काढायचा नसतो, हा धंद्याचा पहिला नियम शेठनं त्याला पहिल्याच दिवशी शिकवला होता. या धनगराला धंदा कळत नाही याचं त्याला वाईटच वाटलं. "पण-बिण काही नको," तो मोठ्या मनानं म्हणाला. झुंबर आणि त्याच्या आईनं एकमेकांकडं पाहिलं. मग झुंबरनं खांदे उडवले आणि सगुणेला टेंपोत चढवून दिली. घरपोच.

वाडीत सगुणेचं स्वागत झकास झालं. बयाबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, डोळ्यात लय समजूत हाय हिच्या. निवडावं तर तुम्हीच." चंदरला वाटलं, हे वाक्य मोहिनीनं ऐकायला पाहिजे होतं. ती बरोबर आली होती, पण घरात चहा करत होती.

घोंगडीची घडी पाठीवर टाकली. बयाबाई ओट्यावरून अलगद बसल्या. नवसाबाई, आळीतल्या बायका, पोरंटोरं, सगळी गोळा झाली.

"चल गं बाई," बयाबाई म्हणाल्या.

सगुणा चालली नाही.

"हॅक हॅक," चंदर म्हणाला. सगुणेनं डोळे मिटले.

मग सगळ्यांनी आपापली अक्कल खर्च केली. कुणी पुढून ओढलं, कुणी मागून ढकललं. गूळ दाखवला, तिनं मान लांब करून गूळ खाल्ला आणि मान परत जागेवर नेली. कुणी म्हणालं कानात फुंकर मारा. चंदरनं मारली. सगुणेनं उलट त्याच्या तोंडावर फुंकर मारली. नवसाबाईंनी नजर उतरून टाकली. मिरच्यांच्या धुरानं सगळी आळी खोकत पळाली, घोडी तेवढी तिथंच.

दिवस कलला तरी बयाबाई वरच. उतरल्या तर हरल्यासारखं होईल म्हणून उतरेनात. शेवटी त्यांनी सूप मागवून घेतलं आणि घोडीवर बसल्या बसल्या तांदूळ निवडले. मग वाल सोलले. मग शेजारणींशी दोन जुनी भांडणं उकरून काढली आणि मिटवलीसुद्धा. संध्याकाळी उतरताना म्हणाल्या, "बसायला लय झ्याक हाय. पन जावईबापू, बसायला माझ्याकडं पाट व्हता की."

दुसरा दिवस तसाच. तिसराही. मोहिनी म्हणाली, "अहो, चालू करायचं बटण विचारून घेतलंत का?" गावात बातमी झाली, की बयाबाईंच्या जावयानं घोडीचा पुतळा आणलाय. एक म्हातारा सहज म्हणून येऊन तिला हात लावून बघून गेला, गरम आहे का.

सगळ्यात वाईट म्हणजे बयाबाई बोलेनाशा झाल्या. शुक्रवारी ओट्यावर बसून माळाकडं बघत राहिल्या. वर नागली पिकून पिवळी झालेली खालूनही दिसत होती. मग उठल्या, फडताळातून एक कापडी पिशवी काढली आणि झटकून खुंटीला लावली. भरली नाही. नुसती लावली. चंदरनं ते पाहिलं आणि उद्या झुंबरला गाठायचंच असं ठरवलं. आपल्या दोन खोल्यांचा विचार तेव्हा त्याच्या डोक्यात आलाच नाही. (नंतर आला, पण तेव्हा नाही. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.)

शनिवारी सकाळी तो घोटीला गेला आणि विचारत विचारत झुंबरचा मुक्काम शोधून काढला. कापणी झालेल्या एका खाचरात मेंढरं बसवलेली होती. झुंबर त्याला बघून उठलासुद्धा नाही.

"चालत नाय ना?" तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी सांगत व्हतो. तुमीच हात वर केला. मला वाटलं, पाव्हण्यांना ठावं हाय."

मग कळलं ते असं. सगुणा शिंगरू होती तेव्हापासून झुंबरचं अख्खं बिऱ्हाड वाहत आली. एका बाजूला हंडा-भांडी, दुसऱ्या बाजूला पीठमिठाची पोतडी, वर उलटी बाज, बाजेत कोंबड्यांचं डालगं, कुत्र्याचं पिल्लू, आणि सगळ्यांच्या वर लंकाबाई. एके वर्षी घाईत बिऱ्हाड अर्धं लादलं आणि निघाले. पुढच्या मुक्कामावर बघतात तो म्हातारीच नाही. ती मागं ओढ्यावर तोंड धूत बसलेली. झुंबरनं त्याचा राग घोडीवर काढला. तेव्हापासून सगुणेनं मनाशी पक्कं केलं, की पाठीवर एकदा काही चढलं, की सगळं चढल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

"तिला वाटतंय, मागं कायतरी राह्यलं," झुंबर म्हणाला. "भांडी वाजली पायजेत. कोंबड्या वरडल्या पायजेत. मंग ती म्हनती, हां, आता घर उठलं."

"म्हणजे काय काय लादायचं?"

"हंडा, बाज, कोंबड्या."

"आन पिल्लू," लंकाबाई म्हणाल्या.

"पिल्लू नसलं तरी चालती."

"नाय चालत. बामणवाड्याजवळ आडली व्हती ती, ते पिल्लापायी."

"ते मांजरापायी गं आये."

"मांजर तवा मेलं व्हतं! तुला काय ठावं, तू मेंढरामागं!"

मायलेकांचं भांडण जुंपलेलं बघून चंदरनं काढता पाय घेतला. येताना खबरदारी म्हणून एक पिल्लू तेवढं मागून घेतलं. मांजर मेलं असल्यामुळं वाचला.

दुपारी ओट्यासमोर प्रयोग झाला. हंडा आणि कढई बांधली. सगुणेचा एक कान उभा राहिला. उलटी बाज चढवली, दुसरा कान. कोंबड्यांचं डालगं बाजेत ठेवलं आणि कोंबड्यांनी कालवा केला, तशी तिनं पुरे डोळे उघडले. (तिचे डोळे एवढे मोठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.) बाजेच्या चार पायांच्या मधे बयाबाई बसल्या, जसं काही उलट्या पालखीत. शेवटी पिशवीत पिल्लू टांगलं. पिल्लू भुंकलं. सगुणेनं एक मोठा सुस्कारा टाकला, सगळ्या भांड्यांचा खणखणाट झाला, आणि ती चालायला लागली.

आळीत टाळ्या पडल्या. बयाबाई बाजेचा पाय धरून ओरडल्या, "जावईबापू, मी वावरात चालले का देशोधडीला?" पण डोळे पुसत होत्या.

रविवारी सकाळी पुन्हा सगळं लादलं. आणि इथं एक घोटाळा झाला. महेश आईला न्यायला येणार हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. बाज, हंडा आणि कोंबड्यांसकट बाई दारात निघालेली लोकांनी पाहिली आणि जो तो समजला, की बया चालली नाशिकला कायमची. बायका रडत आल्या. कुणी नागलीचे पापड आणले, कुणी तांदळाची चुंगडी, कुणी लाल भोपळा. नवसाबाईंनी भोपळा स्वतः बाजेला बांधला आणि घोडीच्याच गळ्यात पडून रडायला लागल्या. "म्हशीवरनं भांडले, माफ कर गं बया!"

"अगं, मी कुठं जात नाय!" बयाबाई वरून ओरडत होत्या, पण कोंबड्यांपुढं कुणाला ऐकू जाणार? सगुणा मात्र प्रत्येक भेटीगणिक खूश होत होती. एवढं भरलेलं बिऱ्हाड तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मोटारसायकलवर महेश आला. त्यानं हेल्मेट काढलं, समोरचा देखावा पाहिला आणि तो धावतच आईपाशी आला. "आई, ऐकलंस तू माझं! पण बाज कशाला घेतलीस? आपल्याकडं दिवाण आहे. आणि कोंबड्या तिसऱ्या मजल्यावर सोसायटी ठेवू देणार नाही गं."

"बाजूला हो," बयाबाई म्हणाल्या. "मला माळावर जायचंय."

"माळावर? मग हे सगळं?"

"घोडीला लागतं."

"घोडीला बाज लागते?"

"तुला दिवान लागतो ना? मंग?"

महेशनं चंदरकडं पाहिलं. "दाजी, हे काय चाललंय?"

"डेमो," चंदर म्हणाला.

पिल्लू भुंकलं आणि मिरवणूक निघाली. पुढं सगुणा, मागं महेश, त्याच्या मागं मोहिनी आणि अर्धी वाडी. भोपळ्यामुळं बिऱ्हाड एका अंगाला कलायला लागलं, तेव्हा बयाबाईंनी हुकूम सोडला, "जावईबापू, दुसऱ्या अंगानं बाजेला लोंबकळा." तसा चंदर बाजेचा पाय धरून चालला. पहिल्याच वळणावर पिल्लानं पिशवीतून उडी मारली, ते त्यानं शर्टाच्या आत घातलं. पिल्लानं तिथं जे करायचं ते केलं. चढ असा, की चंदरची जीभ पिल्लापेक्षा जास्त बाहेर आली. सगुणा मात्र घाट चढलेली बाई. एकदाही थांबली नाही.

माळ लागला. बयाबाई खाली उतरल्या, त्याही भोपळ्यावर पाय देऊन. वावराच्या कडेला जाऊन नागलीचं एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकलं आणि दाणे तोंडात टाकले.   महेश शेजारी उभा होता. खाली बघत होता, वर बघत होता. मग हळूच म्हणाला, "कापणीला माणसं लागतील."

"तू ये," बयाबाई म्हणाल्या.

झालं, विषय संपला. बाज सुलटी टाकली, तीन दगडांची चूल झाली, कोंबड्या वावरात सुटल्या, चहा झाला. नाशिकला निघालेली म्हणून वाडीनं निरोप दिलेली बाई आता इथंच राहायला आल्यासारखी दिसत होती, आणि बयाबाईंनाही ते पटलेलं दिसत होतं. पण खाली म्हैस होती, तेव्हा दिवस कलल्यावर निघणं भाग होतं. पुन्हा सगळं लादलं. यावेळी पिल्लाच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, दोन्ही अंगं तोलून घेतली, म्हणजे चंदरला लोंबकळायला नको. सोमवारी दुकान होतं, शेवटची एसटी गाठायची होती. तो एकटाच पुढं उतरायला लागला.

मागून खणखणाट येईना. चंदर चालत राहिला. माळावर महेशचा आवाज, नवसाबाईंचा आवाज. "हंडा हाय?" "हाय!" "कोंबड्या मोजा!" "मोजल्या!" "पिल्लू?" "हे काय!" "भोपळा?" "भोपळा हाय! मंग राह्यलं काय?"

सगुणा कुणाकडंच बघत नव्हती. ती मान वळवून पायवाटेकडं बघत होती. सगळ्यांनी तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं आणि मग बयाबाईंची हाक डोंगरभर घुमली,

"जावईबापू! या मागं! तुम्ही राह्यलात!"

चंदरची एसटी चुकली. तो पुन्हा वर चढला, बाजेचा पाय धरला. सगुणेनं सुस्कारा टाकला आणि निघाली.

त्यानंतर त्यांनी सगळं करून पाहिलं. चंदरच्या जागी महेश लोंबकळला. तिनं त्याला हुंगलं आणि डोळे मिटले. चंदरच्या वजनाचं पोतं बांधलं. तिनं ते पाडलं. शेवटी ठरलं, की चंदरनं एका रविवारी सासूबाईंना वर पोचवायचं आणि पुढच्या रविवारी खाली आणायचं. मधला आठवडा बयाबाई माळावर झोपडी घालून राहायच्या, म्हैस नवसाबाई बघायच्या. नाशिकचं नाव कुणी काढेना. चंदरचे पाय सुजले, पण सांगतो, माणूस मनातून फुलला होता. आजवर त्याच्यावाचून कुणाचंच काही अडलं नव्हतं. दुकानात तो गिऱ्हाइकाला पंखा दाखवता दाखवता म्हणायचा, "रविवारी मी नसतो. तिकडं माझ्याशिवाय पान हलत नाही."

आणि मग नागली घरात आल्यावर एका मंगळवारी शेठच्या टेबलावरचा फोन वाजला.

"जावईबापू, या रविवारी येऊ नका."

"का आत्या? तब्येत बरी आहे ना? घोडी?"

"घोडी लय मजेत हाय. पहिल्या खेपंला तुमचा तो पिल्लानं घान केलेला शर्ट इथं राह्यला व्हता ना? तो मी काठीला घालून बाजेला बांधला. सुरसुरत निघाली बगा."

"शर्ट?" चंदर म्हणाला. "नुसता शर्ट?"

"नुसता शर्ट. मोहिनीला म्हनावं अजून एखादा पाठव, पन धुवू नको. आन जावईबापू, राग नका मानू," बयाबाईंनी आवाज त्यांच्या मानानं बराच खाली आणला, "शर्ट तुमच्यापरीस बरा पडतो. त्याला चढाला दम लागत नाय."

"हो आत्या," चंदर म्हणाला.